नोटीस बोर्डावर आमची नावं

२०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आम्ही नवरा-बायकोने आमच्या जुन्या निकाहाची, सगळ्या धर्मांना खुल्या असलेल्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली नोंदणी करून घेतली. आम्हाला दोन मुली आहेत, मुलगा नाही. एवढं वाचून कोकणातल्या मुसलमान घरांतल्या बऱ्याच जणींना कारण कळलंही असेल. बाकीच्यांसाठी: आमच्यामागे मिळकतीचा वाटा दीर-पुतण्यांकडे न जाता मुलींनाच मिळावा म्हणून. आता सविस्तर लिहिते. मी शोधत होते तेव्हा जे हाती लागलं ते एक तर वकिली भाषेत होतं, नाहीतर दोन्ही बाजूंच्या शिवीगाळीत बुडालेलं. अर्ज कुठे करायचा, सोबत काय न्यायचं, किती दिवस थांबायचं, हे सरळ सांगणारं कुणी नव्हतं.

माझं आणि गावाचं नाव लिहीत नाही. गाव खाडीकाठचं आहे, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, एवढं पुरे. आणखी एक आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माझी आता श्रद्धा राहिलेली नाही. नवऱ्याची आहे. तो नमाजी माणूस आहे आणि रमजानचे पूर्ण रोजे धरतो. अर्जावर मात्र सही दोघांची आहे.

सुरुवात झाली डिसेंबर २०२३ मध्ये. माझ्या मावशीचे यजमान वारले. आम्ही त्यांना खालू म्हणायचो. त्यांनी उभं आयुष्य मस्कतला काढून गावात चिऱ्याचं घर बांधलं, वर माडी चढवली, परसात हापूसची कलमं लावली. मुली दोन, दोघी लग्न होऊन मुंबईकडे. चाळिसावा झाला आणि वाटपाची बोलणी सुरू झाली. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, पण या बाबतीत हनफी पंथाच्या घरांतही हिशोब वेगळा नसतो. मिळकतीचे चोवीस भाग करायचे. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे तीन भाग. दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, म्हणजे आठ-आठ. राहिले पाच. ते खालूंच्या आधीच वारलेल्या भावाच्या दोन मुलांकडे गेले. त्या भावाला एक मुलगीही आहे. तिला काही नाही, कारण पुतण्या वारस होतो, पुतणी होत नाही. मुलगी एकच असती तर तिला निम्मंच मिळालं असतं आणि पुतण्यांचा वाटा आणखी वाढला असता.

पुतणे वाईट नाहीत, हे मुद्दाम लिहिते. त्यांच्यातल्या एकाने माडीवरच्या एका खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मावशीच्याच स्वयंपाकघरात खुंटीला अडकवली. म्हणाला, "चाची, खोली माझी असली तरी वापर तुमचाच." मावशी त्या खोलीत सुकट आणि कोकमं ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिने एकेक डबा जिन्यावरून खाली आणला. किल्ली समोर लटकत होती, तरी तिने नंतर त्या दाराला हात लावला नाही.

पुरुषाला जास्त आणि बाईला कमी का, याचं ठरलेलं उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे. पुरुषावर कुटुंब पोसायची जबाबदारी आहे, म्हणून त्याचा वाटा मोठा. ऐकायला ठीक वाटतं. पण खालूंच्या पुतण्यांनी मावशीला किती महिने पोसायचं, हे त्या बैठकीत कुणी काढलं नाही. पाच भाग वसूल झाले, जबाबदारी कुणी वसूल केली नाही. आमच्याकडे बाप्ये आखातात आणि घर, शेत, शाळा, दवाखाना, म्हातारी माणसं सगळं बायकांच्या अंगावर. तरी हिशोब मात्र सातव्या शतकातला.

श्रद्धा मात्र त्या एका बैठकीने गेली नाही. लहानपणी मक्तबमध्ये, म्हणजे मुलांच्या धार्मिक शाळेत, कुराण अरबीत पूर्ण वाचलं होतं, अर्थ न कळता, जसं सगळे वाचतात. अर्थ वाचला तो नोकरीला लागल्यावर, मराठीतून, हळूहळू. सूरह अन-निसाची अकरावी आयत मुलाला दोन मुलींइतका वाटा देते. तिथे अडखळले. त्याच सूरहची चौतिसावी आयत पुरुषाला बायकांवर कारभारी नेमते आणि ऐकलं नाही तर शेवटी मारायची मुभा देते. काही भाषांतरकार तिथे कंसात 'हलकेच' घालतात. तो कंस माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. अल-बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याच्या करारावर साक्षीला दोन पुरुष नसतील तर एक पुरुष आणि दोन बायका. मी शाळेत पोषण आहाराचे, शिष्यवृत्तीचे, निवडणुकीचे कागद रोज सही करून देते. माझी सही अर्धी आहे असं आजवर एकाही साहेबाने म्हटलेलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. त्या काळच्या अरबस्तानात मुलीला ठरलेला वाटा मिळणं हीच मोठी गोष्ट होती, आणि हिंदू मुलीला देशभर वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळायला २००५ साल उजाडावं लागलं, असं तो म्हणायचा. दोन्ही खरं आहे. मी म्हणायचे, त्या काळात पुढे होतं म्हणून आज तिथेच थांबायचं का? हा वाद फोनवर, कुवेत ते कोकण, कित्येक शुक्रवारी चालला. शेवटी तो म्हणाला, "माझ्या मुलींचं नुकसान व्हावं अशी अल्लाहची मर्जी असेल असं मला वाटत नाही. कायद्यात वाट असेल तर शोध."

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मैत्रिणीच्या ओळखीने चिपळूणच्या एका वकीलबाईंकडे गेले. माझ्या डोक्यात तेव्हा वेगळंच होतं. मला धर्म सोडल्याची कुठेतरी नोंद हवी होती. एक कागद, ज्यावर लिहिलेलं असेल की ही बाई आता यात नाही. वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, धर्मात शिरायला माणसं असतात, बाहेर पडण्यासाठी टेबल नसतं.

तरी त्यांनी नीट समजावलं. राजपत्रात नाव बदलतात तसा धर्मातला बदलही छापता येतो. 'धर्म नाही' असं छापून मागणाऱ्या काही जणांना सरकारी मुद्रणालयाने नकार दिला होता. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कुठल्याही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती कुणावर करता येत नाही आणि 'माझा कुठलाही धर्म नाही' असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. मी खूश झाले. त्यावर वकीलबाईंचा पुढचा प्रश्न आला, "छापून आलं, मग मुलींचं काय?" जन्माने मुसलमान असलेल्या पण श्रद्धा सोडलेल्या माणसाला वारसाचा कुठला कायदा लावायचा, यावर केरळच्या सफिया पी. एम. यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. त्यांचं म्हणणं, आम्हाला शरियतऐवजी १९२५ चा भारतीय वारसा कायदा लावा. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने त्यावर सरकारला नोटीस काढली. वकीलबाई म्हणाल्या, त्या निकालासाठी थांबायचं तर थांबा, पण माणसं थांबून मरत नाहीत.

मला दोन भीती होत्या. एक, मी श्रद्धा सोडली म्हणजे आमचा निकाह तुटला असं कुणी उठवेल. दोन, वडिलांच्या मिळकतीत मला जे मिळायचं तेही भाऊ देणार नाही. दोन्हींवर जुने कायदे सापडले. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याचं कलम ४ सांगतं की बायकोने इस्लाम सोडल्याने निकाह आपोआप संपत नाही. आणि १८५० मध्ये, म्हणजे कंपनी सरकारच्या काळात, एक कायदा झाला होता. धर्म सोडला म्हणून कुणाचा वारसाहक्क जात नाही, असं त्यात म्हटलं होतं. दोन्ही कलमं मी वहीत लिहून घेतली. पुढे उपयोगी पडली.

मग त्यांनी खरी वाट सांगितली. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४. त्याचं कलम १५ दुसऱ्या पद्धतीने आधीच झालेल्या लग्नाची नोंदणी करू देतं, आणि नोंद झाली की कलम १८ प्रमाणे ते लग्न त्या दिवसापासून या कायद्याखाली लागलेलं धरतात. कलम २१ प्रमाणे अशा जोडप्याच्या मिळकतीला भारतीय वारसा कायदा लागतो. म्हणजे उद्या नवऱ्याला काही झालं तर मला एक तृतीयांश आणि उरलेलं दोन मुलींना समान. दीर, पुतणे कुणी नाही. यात धर्म सोडावा लागत नाही, बदलावा लागत नाही. केरळात कासरगोडकडचे वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांचा निकाह १९९४ चा. तीन मुलींसाठी त्यांनी ८ मार्च २०२३ ला याच कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. तेव्हा ते पेपरांत खूप गाजलं होतं. मी ते वाचलं होतं, पण ते वकील आणि प्राध्यापक लोकांचं काम, असं धरून सोडून दिलं होतं.

हिबा, म्हणजे बक्षीसपत्र, का नाही, असं बरेच जण विचारतात. हयातीत बक्षीस देता येतंच. नवरा-बायको, मुलं यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. पण हिब्यात ताबाही द्यावा लागतो. नवरा म्हणाला, वीस वर्षं वाळवंटात काढून मी स्वतःच्या घरात पोरींचा पाहुणा होऊ का? आणि वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, म्हणाल तर शरियतप्रमाणे ती एक तृतीयांशापुरतीच चालते, शिवाय जो आधीच वारस आहे त्याला बाकीच्या वारसांची संमती असल्याशिवाय नाही.

आता कागदांकडे येते. पहिली अडचण राहण्याची. कलम १५ मध्ये अट आहे की अर्जाच्या आधी सलग तीस दिवस दोघांचंही वास्तव्य त्या जिल्ह्यात हवं. नव्याने लग्न लावायचं असेल तर दोघांपैकी एक राहत असला तरी चालतं, जुन्या निकाहाची नोंद करायची तर दोघंही हवेत. अर्जानंतर पुन्हा तीस दिवस हरकतींसाठी, आणि शेवटी सहीला दोघं हजर. म्हणजे दोन महिन्यांवर मुक्काम. आखातातल्या माणसाला एवढी सुट्टी कोण देतो? आम्हाला त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत थांबावं लागलं. तो २४ ऑगस्ट २०२४ ला उतरला. पासपोर्टवरच्या मुंबईच्या शिक्क्याची झेरॉक्स आम्ही वास्तव्याच्या पुराव्यात जोडली. तुमच्या घरचं माणूस बाहेर असेल तर सुट्टीचं गणित आधी करा, बाकीचं मागाहून.

दुसरी अडचण निकाहनाम्याची. आमचा उर्दूत, हाताने लिहिलेला, आणि घडीवर फाटलेला. कार्यालयात उर्दू वाचणारं कुणी नसतं. मराठी भाषांतर करून नोटरी करून घ्या. मला भाषांतराला दीड हजार आणि नोटरीला पाचशे पडले. काझींचं आडनाव निकाहनाम्यात एक आणि जमातीच्या, म्हणजे गावातल्या मुस्लिम समाजमंडळाच्या, रजिस्टरात दुसरं निघालं, त्यासाठी आणखी एक प्रतिज्ञापत्र.

तिसरी गोष्ट फार जणांना ठाऊक नाही. आमच्याकडे ग्रामपंचायतीचं विवाह प्रमाणपत्र होतं, नमुना ई. माझा समज, लग्न 'रजिस्टर' आहेच. पण ते महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखालचं. ते पासपोर्टला, बँकेला, व्हिसाला चालतं. वारसाला कुठला कायदा लागायचा त्यावर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टचं काम विवाह अधिकाऱ्याकडे होतं. ग्रामसेवकाकडे किंवा जमातीकडे नाही.

चौथी अट नात्याची, आणि आमच्या समाजात हीच अनेकांना आडवी येईल. या कायद्यात सख्खी चुलत, आते, मामे, मावस भावंडं निषिद्ध नात्यात मोडतात. आम्ही दोघं लांबचे नातेवाईक आहोत, त्यामुळे सुटलो. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न सख्ख्या मामेभावाशी झालंय आणि तिलाही दोन मुलीच. तिला ही वाट बंद आहे. हे वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती.

३ ऑक्टोबरला, गुरुवारी, आम्ही अर्ज दिला. पहाटेची एसटी पकडली. बायकांना निम्मं तिकीट आहे ना, तर माझं अर्धं आणि नवऱ्याचं पूर्ण. मी त्याला म्हटलं, आज वाटा उलटा झाला. कंडक्टरला काही कळलं नाही, नवऱ्याला कळलं आणि तो घाट उतरेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिला.

कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. माणसं सभ्य होती, पण कलम १५ चा अर्ज त्यांच्या टेबलावर क्वचित येत असावा. क्लार्कने तीनदा विचारलं, "म्हणजे तुमचं लग्न झालंय ना? मग परत कशाला?" नंतर हळूच, "धर्म बदलताय का?" नवरा म्हणाला, "नाही साहेब, मुली आहेत." त्याच्यापुढे क्लार्कने काही विचारलं नाही. अर्जाचा नमुना शोधायला तासभर गेला. सोबत हवं ते असं निघालं: दोघांचे वयाचे आणि राहण्याचे पुरावे, भाषांतरासह निकाहनामा, फोटो, तीन साक्षीदारांचे आधार आणि मुलींचे जन्मदाखले. दाखले विसरू नका. निकाहानंतर जन्मलेल्या मुलांची नावंही प्रमाणपत्राच्या पुस्तकात चढवायची असतात, हे कलम १८ मध्येच आहे. सरकारी फी दोनशेच्या आत भागली. वकीलबाईंनी सहा हजार घेतले. जाणंयेणं, झेरॉक्स, चहा-नाश्ता धरून सगळं मिळून दहा हजारांच्या आसपास गेलं असेल.

अर्ज स्वीकारला की नोटीस बोर्डावर लागते. कुलूप लावायच्या काचेच्या कपाटात, कुलपाशिवाय. आमच्या नोटिशीच्या वर कुणाच्या तरी मिळकतीच्या लिलावाची नोटीस होती, खाली आमची नावं, वयं, पत्ता. मी उभी राहून दोनदा वाचली. आपलंच नाव असं टाइप केलेलं, बाहेर टांगलेलं बघून पोटात कसंतरी झालं.

आठवड्याच्या आत त्या नोटिशीचा फोटो मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. आमच्या नावांभोवती लाल गोल. कोण घेऊन आलं ते आजवर कळलेलं नाही. पहिली अफवा उठली ती अशी, की आमचा गुपचूप तलाक झाला होता आणि आता हलाला, म्हणजे त्याच नवऱ्याकडे परतण्याआधी दुसऱ्याशी करावं लागणारं लग्न, टाळण्यासाठी कोर्टातून लग्न करताहेत. दुसरी, की मॅडमने धर्म सोडला आणि नवऱ्यालाही सोडायला लावला. दुसऱ्या अफवेतला निम्मा भाग खरा होता, आणि मी तो नाकारायचा नाही असं ठरवलं होतं. पण मोठ्याने सांगत फिरायचंही नाही. मुलींची शाळा, जुम्म्याच्या नमाजातली नवऱ्याची रांग, सासूबाईंचं वय, सगळं बघावं लागतं. असं उघड न बोलणाऱ्यांना भित्रं म्हणणारे लोक बहुतेक मोहल्ल्यात राहत नसावेत.

जमातीतले दोन बुजुर्ग घरी आले. मी चहा ठेवला. ते माझ्याशी बोलतच नव्हते, बोलणं सगळं नवऱ्याशी. ती इमान सोडून बसली असेल तर निकाह राहिला का, असं एका चाचांनी विचारलं. मी आतून वही आणून १९३९ चं कलम ४ वाचून दाखवलं. चाचा म्हणाले, हा सरकारचा कायदा झाला. मी म्हटलं, घराचा असेसमेंट उताराही सरकारचाच आहे. मग कब्रस्तानाची गोष्ट निघाली, आडवळणाने, की उद्या काही झालं तर लोक काय म्हणतील. तिथे नवरा पहिल्यांदा चिडला. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे त्याला वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं. त्याने ते शांतपणे सांगितलं आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली. बुजुर्ग पुन्हा आले नाहीत. बहिष्कारही पडला नाही. काही घरांतून लग्नाची दावत आली नाही, इतकंच. त्याला कायदा नाही आणि नसावाही.

दुसऱ्या बाजूचं कौतुक मला जास्त झोंबलं. शाळेजवळ राहणारे एक गृहस्थ मुद्दाम थांबून म्हणाले, "बरं केलंत मॅडम, सुटलात त्यांच्यातनं." नंतर त्यांनी मला मुसलमानांविरुद्धचे फॉरवर्ड पाठवायला सुरुवात केली. याच गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी तिन्ही बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलंय, साडी-चोळी देऊन. मला माझ्या धर्मातलं जे पटलं नाही ते मी सोडलं. माझी माणसं सोडलेली नाहीत, आणि त्यांना शिव्या घालायला कुणाला माझं नाव वापरू देणार नाही. त्यांचा नंबर ब्लॉक केला.

या काळात मला हमीद दलवाईंची फार आठवण यायची. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा माणूस. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा त्यांनी विधानभवनावर नेला होता, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सातच बायका. तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवायला २२ ऑगस्ट २०१७ उजाडला, म्हणजे मधे एक्कावन्न वर्षं गेली. आमच्या गावातून मिरजोळीला एका दुपारी जाऊन येता येतं, पण मोहल्ल्यात त्यांचं नाव आजही दार लावून घेतात.

हरकत कुणाचीच आली नाही. येऊ शकली असती, पण ती कायद्यातल्या अटींवरच घेता येते: दुसरा जोडीदार हयात आहे, नातं निषिद्ध आहे, वय बसत नाही, अशी. 'आम्हाला आवडलं नाही' ही हरकत होत नाही. तीस दिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरले, पण तोवर विधानसभेची आचारसंहिता लागून पंधरा दिवस होऊन गेले होते आणि निम्मं कार्यालय निवडणुकीच्या कामाला जुंपलेलं. मलाही ड्युटी होतीच. २० नोव्हेंबरचं मतदान, मग मोजणी, मग सगळ्यांचा थकवा. २८ नोव्हेंबरची तारीख मिळाली.

साक्षीदार तीन लागतात. एक माझी शाळेतली सहकारी, एक नवऱ्याचा कुवेतमधला दोस्त. तिसरा ऐनवेळी फिरला. घरच्यांनी जाऊ दिलं नाही म्हणाला. आदल्या रात्री जाऊबाई स्वतःहून आल्या. दीर, म्हणजे ज्यांचा वारसातला उरलेला वाटा या सहीने जाणार होता, ते महिनाभर आमच्याशी बोलत नव्हते. जाऊबाई ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "भाबी, माझी सही चालंल? पूर्ण धरतात ना तिथं?" मी म्हटलं, पूर्ण धरतात. दिरांना विचारलंत का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी सही करायला वेळ घेतला. आधी कोऱ्या कागदावर एकदा लिहून बघितलं, मग पुस्तकात, एकेक अक्षर सुटं, शेवटी खाली रेघ.

सह्या झाल्यावर अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र वाचून दाखवलं. यापुढे दोघांना या कायद्याचीच कलमं लागतील, हेही सांगितलं. त्याचा एक अर्थ नवऱ्याला तेव्हाच उमगला बहुतेक. आता दुसरं लग्न नाही, केलं तर गुन्हा. तलाक म्हणूनही सुटका नाही, वेगळं व्हायचं तर कोर्टातूनच. बाहेर येऊन म्हणाला, "आधी सांगायचं होतंस." मी म्हटलं, कलम वाचायला दिलं होतं. त्या दिवशी आम्ही पाच जणांनी हॉटेलात मासे खाल्ले. तो खर्च वरच्या हिशोबात धरलेला नाही.

प्रमाणपत्राच्या दोन-तीन सहीशिक्क्याच्या प्रती त्याच दिवशी मागून घ्या, नंतर खेपा पडतात. नावांचं स्पेलिंग पुस्तकात चढण्याआधी स्वतः वाचा. वकीलबाईंनी सांगितलं म्हणून जानेवारीत दोघांनी मृत्युपत्रंही केली. त्याला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. बँकेत आणि पीएफला नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नॉमिनी हा वारस नसतो.

दीर ईदला बोलले. आधी मुलींशी, मग माझ्याशी. विषय नोंदणीचा नव्हता, पाण्याच्या पंपाचा होता. राजपत्राचा अर्ज मी अजून भरलेला नाही. शाळेच्या सेवापुस्तकात धर्माच्या रकान्यात जे होतं तेच आहे.

बहिणीसाठी हिब्याचा मसुदा सध्या चालू आहे. दोनशे रुपयांच्या मुद्रांकाची अडचण नाही. घराचा ताबा मुलींना द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, लाइटबिल कुणाच्या नावावर न्यायचं, घरपट्टी कुणी भरायची, यावर ती आणि तिचा नवरा अजून भांडताहेत. ते दस्त नोंदलं गेलं की त्याचे कागद आणि खर्च वेगळे लिहीन.